कुंकवाखालची अक्षरं

तेलात कालवलेलं कुंकू.

सात ग्रॅम. अडीच ग्रॅम.

लाखेचा तांबडा ठिपका आणि त्यावर अंगठ्याचा ठसा.

पाटीवर ओढलेली एक रेघ.

तीन वाजताची बीडची एसटी.

ढब्बू पैसा.

गिळलेला आवंढा.

मित्रांनो, या वस्तू एका गोष्टीत मावतील असं तुम्हाला वाटत नसेल. मलाही वाटलं नव्हतं. पण माझं आयुष्य एवढ्यातच संपतं. मी रेकॉर्ड प्लेअर आहे, बराच जुना. परळी तालुक्यात, सिरसाळ्याच्या अलीकडे आमचं गाव. गावात सहकारी सोसायटीचं दगडी गोदाम, गोदामाच्या पुढच्या खोलीत लाकडी फळी, आणि त्या फळीवर मी. जुना असल्यामुळे बोलताना माझी सुई उडते. तेव्हा मी 'खट्' म्हणेन. तुम्ही समजून घ्या आणि पुढे चला.

एक गोष्ट आधीच कबूल करतो. शाळेच्या पुस्तकात छत्री, फळा, बैलगाडी आपापली गोष्ट सांगतात, तेव्हा त्या सगळ्या फार सोशिक असतात. मी तसा नाही. मी हेवेखोर आहे. मला माईकचा हेवा वाटला, एका भोकाचा हेवा वाटला, आणि माझ्यानंतर आलेल्या त्या हलक्या पोराचा तर इतका वाटला की माझी मोटार गरम व्हायची. हे वगळून गोष्ट सांगितली तर ती माझी राहणार नाही.

माझा जन्म हैदराबादच्या एका दुकानात झाला. माझ्या दांड्याच्या टोकाला, सुईच्या वर, डाळीच्या दाण्याएवढा स्फटिकाचा खडा आहे. रेकॉर्डच्या चरीतून जाताना सुई थरथरते, तिच्या थरथरीनं खडा चेंगरतो, आणि चेंगरला की त्यातून वीज निघते. चांगली ठसठशीत वीज. तिला कोणाच्या आधाराची फारशी गरज पडत नाही. अशा टोकाला क्रिस्टल कार्ट्रिज म्हणतात. मला खोक्यात भरताना दुकानदार म्हणाला होता, "मियाँ, इसके आवाज में दम है." ते वाक्य मी अजून जपून ठेवलं आहे.

माझ्याबरोबर एक रिसीव्हर आला. रेडिओ आणि आवाज वाढवणारं यंत्र, दोन्ही एकाच पेटीत. त्याच्या पाठीला तीन भोकं होती. ज्याची वायर भोकात, त्याचा आवाज पेटीतल्या स्पीकरमधून आणि छपरावरच्या कर्ण्यातून बाहेर. प्रत्येक भोकाखाली बारीक इंग्रजी अक्षरं होती.

सन अडुसष्ट. गोदामाचं उद्घाटन. सोसायटीचे सेक्रेटरी शिवलिंगप्पा सकाळपासून आमच्याशी झटत होते. त्यांचं किराण्याचं दुकान गोदामाला लागूनच होतं. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, धोतराची घडी कधी मोडायची नाही, असा नेटका माणूस. त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि हे चारचौघांत सांगायचं नव्हतं. त्यांनी माईक पहिल्या भोकात घातला. तो बरोबर लागला. मग उरलेली दोन भोकं नीट निरखल्यासारखी केली आणि माझी वायर तिसऱ्यात खुपसली.

मित्रांनो, ते भोक माझं नव्हतं. माझा आवाज मुळातच मोठा. आणि त्या भोकामागे लहान आवाजाला मोठं करणारे जादा भाग बसवलेले होते. मोठ्यात मोठा मिसळला. सनईचा मंगल सूर निघायचा तिथे मी असा डरकलो की कर्ण्याचा पडदा फाटला. मंडपाशेजारची शेळी दावं तोडून पळाली. चेअरमननी हातातला नारळ टाकून दोन्ही कान झाकले.

"आप्पा," सोसायटीचा शिपाई आश्रुबा गर्दीतून ओरडला, "मशिनीत म्हैस अडकली का काय हो?"

सगळा मंडप हसला. शिवलिंगप्पांचे कान तांबडे झाले. त्यांनी माझी वायर उपसून मधल्या भोकात घातली, फाटका पडदा बदलून घेतला, आणि दुपारी मी स्वच्छ वाजलो. मग त्यांनी घसा खाकरून जाहीर केलं, "तिसरं भोक खराब हाय. कंपनीतूनच तसं आलंय." धान्याच्या नमुन्याच्या पिशव्यांना सील करायची लाख त्यांच्या खिशात होती. ती मेणबत्तीवर वितळवून त्यांनी तिसऱ्या भोकावर ओतली आणि वरून अंगठा दाबला.

भोक खराब नव्हतं, हे फक्त मला आणि रिसीव्हरला ठाऊक होतं. आणि मला आणखीही एक कळलं होतं. ज्या अर्थी खोली बांधलेली आहे, त्या अर्थी तिच्यात राहायला कोणीतरी येणार आहे. लग्न होऊन सासरी यावं आणि घरात सवतीसाठी आधीच राखून ठेवलेली खोली दिसावी, तसं मला झालं. ती लाखेनं बुजली याचा आनंद मला झाला होता. लाख थिजेपर्यंत मी ती पाहत होतो.

पुढे खंडेनवमी आली. आमच्या सोसायटीत त्या दिवशी सगळ्या हत्यारांची पूजा होते. वजनकाटा, वजनं, मापं, पोती उचलायचे आकडे, सगळं धुऊन पुसून मांडतात. रिसीव्हर तेवढा धुवायचा नाही, कारण विजेच्या वस्तूला पाणी लागू देऊ नका असं दुकानदारानं बजावलं होतं. शिवलिंगप्पा तेलात कालवलेलं कुंकू घेऊन यायचे. यंत्राचं तोंड म्हणजे जिथून आवाज आत जातो ती जागा, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते पाठीवरच्या तिन्ही भोकांखाली बोट ओढायचे. आणि देवाचं कुंकू पुसत नसतात, म्हणून पुढच्या वर्षी जुन्यावर नवं. बाकीची हत्यारं दरसाल धुतली जायची. रिसीव्हरच्या पाठीवर मात्र वर्षागणिक थर चढत गेला. चार दसऱ्यांत इंग्रजी अक्षरं दिसेनाशी झाली.

खट्.

ती माझी भरभराटीची वर्षं होती. सकाळी भक्तिगीत, बाजाराच्या दिवशी लावणी, मध्येच माईक मला थांबवून सांगायचा, "साखर आली हाय, पिशव्या घेऊन या." साखर म्हटलं की गाव पळत सुटायचं. माझ्या गाण्याला कोणी पळत आलं नाही. माईकचा हेवा वाटायला सुरुवात झाली ती तिथून.

रस्त्यानं ट्रक गेला की फळी हादरायची आणि माझी सुई उडायची. एकदा आश्रुबानं माझ्या दांड्याच्या टोकावर डिंकानं एक ढब्बू पैसा चिकटवला. "आता हल म्हणावं," तो म्हणाला. सुई उडायची थांबली. मुळात माझा भार सात ग्रॅम, त्यावर हा तांब्याचा पैसा. मला ते ओझं वाटलं नाही. मला ते बक्षीस वाटलं. कुस्तीत जिंकलेल्या गड्याच्या दंडावरच्या कड्यासारखा मी तो पैसा मिरवला.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला.

ज्वारी उगवलीच नाही. गोदाम रिकामं झालं, त्यात चिमण्या राहायला आल्या. गावाबाहेर पाझर तलावाचं आणि रस्त्याचं काम निघालं आणि सगळं गाव खडी फोडायला गेलं. तिथे सरूबाई होती. बौद्ध वस्तीतली, नवरा मागेच वारलेला, पदरी जालिंदर नावाचा शाळेत जाणारा मुलगा. घरी दळायला दाणा नव्हता, त्यामुळे जात्यावरच्या ओव्या म्हणायला जातं फिरतच नव्हतं. सरूबाईनं त्या हातोडीवर म्हणायला घेतल्या. तिचा आवाज बांधापलीकडे जायचा. बाया म्हणायच्या, सरू गायला लागली की हातोडी हलकी होतीय.

तिहत्तरच्या उन्हाळ्यात औरंगाबादहून दोघं जण आले. बायकांची गाणी गोळा करत फिरत होते. त्यांनी कामावरच टेपचं यंत्र लावून तिची गाणी टिपली. पुढल्या साली टपालानं एक छोटी रेकॉर्ड आली. एका बाजूला सरूबाईच्या तीन ओव्या, दुसऱ्या बाजूला आष्टीकडच्या कोणा बाईचं गाणं. सरूबाईच्या घरी वीज नव्हती. पुडकं सोसायटीच्या पत्त्यावर आलं, म्हणून शिवलिंगप्पांनी रेकॉर्डच्या मधल्या कागदावर सोसायटीचा जांभळा गोल शिक्का मारला. झालं. रेकॉर्ड संस्थेची.

ती पहिल्यांदा वाजली तेव्हा सरूबाई उंबऱ्याबाहेर उभी होती. शिवलिंगप्पांची बायको जगदेवी दुकानातून पाट घेऊन आली आणि म्हणाली, "आत ये की गं. गाणारीनंच भायेर उभं राहावं का?" सरूबाई आत येऊन पाटावर बसली. आश्रुबानं माझी सुई चरीत सोडली.

*दळायाला न्हाई दाना, जातं निजलं घरात*
*फोडिते गं बाई खडा, ववी बसली उरात*

*खडीच्या ढिगावरी ऊन पाव्हनं बसलं*
*काय वाढू त्याला बाई, ताट उन्हानं पुसलं*

*लेक माझा जालिंदर, पाटीवरी रेघ वढी*
*एका एका रेघंसाठी फोडिते मी एक खडी*

शेवटची ओवी सुरू झाली आणि खोलीतले सगळे जालिंदरकडे वळून पाहायला लागले. तो लाजून आईच्या मागे लपला. सरूबाई हसत होती, डोळे पुसत होती. आणि मी? मला वाटलं, हे सगळं माझ्यामुळे. त्या दिवशी पहिल्यांदा लोक पळत आले होते आणि माईक गप्प होता.

त्यानंतर दहा वर्षं ती रेकॉर्ड मी वाजवली. सोसायटीच्या वार्षिक सभेला, ध्वजवंदनाला, कोणी अधिकारी आला की त्याला ऐकवायला, आणि एरवी आश्रुबाला लहर आली की. सुई एकदाही बदलली नाही. तांब्याचा पैसा डोक्यावर होताच. मला ती रेकॉर्ड इतकी आवडायची की मी तिच्यावर जोर देऊन चालायचो.

ते पुन्हा सांगतो. मी तिच्यावर जोर देऊन. खट्. जोर देऊन. खट्.

या वर्षांत आणखी एक झालं. खडीची धूळ सरूबाईच्या छातीत बसली होती. ती आधी खोकली, मग तिचा आवाज बसला, मग गेलाच. दवाखाने झाले. शेवटी तिच्याकडे एक फुसफुस उरली. लेकाला अंगणाच्या पलीकडून हाक मारायची तर ती भांडं वाजवायची. जालिंदर मात्र शिकला. बीडला सरकारी कचेरीत कारकून झाला.

चौऱ्याऐंशीच्या वैशाखात तो आला. पुन्हा पाऊस नसलेलं वर्ष. त्याच्या एका हातात कॅसेटचा टेपरेकॉर्डर होता आणि दुसऱ्या हातात, चादरीत गुंडाळलेला, तो.

चादर सोडली. वर काचेसारखं पारदर्शक झाकण. ज्वारीच्या काडीसारखा बारीक दांडा. दांड्याच्या टोकाला एवढंसं डोकं. मित्रांनो, मला त्याचं नाव माहीत नाही आणि मी विचारलंही नाही. मी एवढंच पाहिलं की तो हलका होता. तो हलका होता. खट्. तो हलका होता.

"औरंगाबादच्या एका साहेबाकडून घेतलाय, आप्पा," जालिंदर सांगत होता. "ह्याच्या सुईचा भार अडीच ग्रॅम. रेकॉर्ड घासतच न्हाई. मायचं गाणं कॅसेटवर उतरवून घेतो. एकदा उतरलं म्हणजे मग रेकॉर्डला हात लावायचं काम न्हाई."

"घे की उतरवून," शिवलिंगप्पा म्हणाले. आता त्यांच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. "पण हितंच. रेकॉर्ड भायेर जाणार न्हाई. शिक्का हाय तिच्यावर."

"म्हणून तर एवढं वझं घेऊन आलो. तीनच्या गाडीनं माघारी जायचंय, रजा संपली."

सरूबाई त्याच जुन्या पाटावर बसली होती. ती काही बोलत नव्हती. बोलली तरी ऐकू आलं नसतं. पण ती कशासाठी आली होती हे खोलीत सगळ्यांना माहीत होतं. आपला आवाज तिला घरी न्यायचा होता.

जालिंदरनं माझी वायर काढली. सोळा वर्षांत पहिल्यांदा. माझ्या भोकात त्याची वायर घातली. रेकॉर्ड त्याच्या तबकडीवर ठेवली, सुई अलगद सोडली.

आवाज आलाच नाही म्हटलं तरी चालेल. रिसीव्हरचा कान पार पिरगाळला तेव्हा कुठे दूर कोणीतरी चिंधी फाडतंय असा एक सूर निघाला. पातळ, हाडं नसलेला.

मित्रांनो, मला तेव्हा किती बरं वाटलं हे मी लपवणार नाही. कारण काय ते मला ठाऊक होतं. त्याच्या डोक्यात खडा नव्हता. तिथे इवलासा चुंबक होता आणि केसाएवढ्या तारेचं वेटोळं. अशा टोकाला मॅग्नेटिक कार्ट्रिज म्हणतात. त्याचा आवाज मुंगीएवढा जन्मतो. त्याला आधी दाईच्या हाती द्यावं लागतं. ती त्याला वाढवते, आणि रेकॉर्ड कोरताना जो खर्ज मुद्दाम बारीक केलेला असतो तो परत भरून देते. ती दाई तिसऱ्या भोकामागे बसली होती, लाखेआड, सोळा वर्षं बिनकामाची. माझ्या खोलीत त्याचा जीव घुसमटणार हे ठरलेलंच होतं.

"का रं जालिंदर," आश्रुबा म्हणाला, "मशीन उपाशी हाय का तुझं? तुझी माय बोलंना, तुझं मशीन बी बोलंना!"

बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली. सरूबाईच हसली, हातानं म्हणाली, असू दे, खरं हाय त्याचं.

जालिंदरनं रिसीव्हर उलटा फिरवला. "ह्याला येगळं भोक लागतंय, आप्पा. कागदात दिलंय तसं. भोकाखाली लिहिलेलं असतंय." त्यानं वाकून पाहिलं. "हितं तर नुसतं कुंकू हाय."

"देवाचं हाय ते."

"आन् हे तिसरं? लाख कावून लावलीय?"

"खराब हाय. उघडलं तर मशीन जळंल." शिवलिंगप्पा इतकं भरभर बोलले की जगदेवीनं दारातून मान वर करून पाहिलं. ती तिथे सुपात तीळ निवडत बसली होती.

जालिंदरचं बोट कुंकवाच्या थरापर्यंत गेलं आणि तिथेच थांबलं. मग मागे आलं. या गावात कोणी काय पुसावं आणि काय पुसू नये, हे तो पाटीवर रेघा ओढायच्या आधी शिकला होता.

"जुन्यावरच वाजीव की," आश्रुबा चूक सावरायला म्हणाला. "त्याच्यावरनं उतरवून घे कॅसेटवर. आवाज बघ कसा खणखणीत हाय गड्याचा."

भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजले होते. जालिंदरनं आईकडे पाहिलं. तिनं मान हलवली. त्याची वायर निघाली, माझी वायर परत माझ्या भोकात आली.

मी जिंकलो होतो. कॅसेट सुरू झाली. मी पैशासकट माझा सगळा भार रेकॉर्डवर टाकला आणि असा वाजलो की चिमण्या गोदामातून उडाल्या. पहिली ओवी झाली, थोडी खरखर होती. दुसरी झाली, खरखर वाढली. रेकॉर्डच्या चरी आत आत जातात तशा दाट होतात, आणि तिथे माझी सुई सगळ्यात जास्त खुपते. तिसरी ओवी आली.

*लेक माझा खर्रर्र.*

खट्.

*लेक माझा खर्रर्र.*

सरूबाईनं हात वर केला. आश्रुबानं माझा दांडा उचलला. ती पाटावरून उठली, माझ्याजवळ आली आणि त्या फुसफुशीत विचारलं. सगळे श्वास धरून होते म्हणून ऐकू आलं.

"माझ्या लेकाचं नाव कुठं गेलं?"

मित्रांनो, ते माझ्या सुईखाली गेलं होतं. दहा वर्षं मी थोडं थोडं खाल्लं होतं. मी त्याला गाणं म्हणत होतो.

जालिंदरनं रेकॉर्ड उजेडात धरून तिरकी केली. "चर पांढरी पडलीय, माय. वरचं घासून गेलंय. पण तळाला असंल थोडं. हलकी, बारीक सुई तळापतुर जाती. निघालं तर तिनंच निघंल." त्यानं लाखेकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "आणखी एकदा जुन्याखाली गेलं तर तेबी जाईल."

सरूबाई शिवलिंगप्पांसमोर जाऊन उभी राहिली. "आप्पा," तिचे ओठ हलले, "कुंकू तुमचं हाय. आवाज माझा हाय."

शिवलिंगप्पा जमिनीकडे बघत राहिले. त्यांना कुंकवाचं सोडून दुसरंच काही सांगायचं आहे, हे मला दिसत होतं. सोळा वर्षं त्यांनी आणि मी एकच गुपित धरलं होतं. त्यांनी लाजेनं, मी हेव्यानं.

सूप खाली ठेवल्याचा आवाज झाला. जगदेवी आत आली. तिनं दुकानातली खोबरेल तेलाची बाटली आणली होती. ती पदराच्या टोकावर तेल ओतायला लागली.

"काय करालीस?" शिवलिंगप्पा दचकले. "देवाचं कुंकू पुसतीस? तू?"

"पुसलेलं कुंकू परत लावता येतंय," ती म्हणाली. "हिच्या लेकाचं नाव परत कोण म्हणणार हाय, तुमी का? आन् पाणी नको म्हणलाव ना विजेला? तेलानं पुसते."

तिनं पुसायला सुरुवात केली. तांबडं, मग काळपट तांबडं, मग तपकिरी. सोळा दसऱ्यांचे थर तिच्या पदरावर उतरले. खालून तीन पांढरे शब्द वर आले. जालिंदरनं ते मोठ्यानं वाचले. पहिल्याखाली माईक. दुसऱ्याखाली क्रिस्टल. लाखेच्या खाली मॅग्नेटिक.

शिवलिंगप्पांनी कमरेच्या पिशवीतून अडकित्ता काढला. आपल्याच अंगठ्याच्या ठशावर त्याचं टोक टेकवलं.

"भोक खराब न्हवतं," ते म्हणाले. "मीच चुकीचं खुपसलंतं. उद्घाटनाला. इंग्रजी येत न्हवतं मला. आजबी येत न्हाई."

मग आश्रुबाला राहवलं नाही. "म्हंजे आप्पा, ती म्हैस आपलीच होती म्हणा की!"

जगदेवी आधी हसली. मग शिवलिंगप्पाही हसले, आणि हसत हसतच त्यांनी लाख टोकरून काढली.

त्या हलक्याची वायर तिसऱ्या भोकात गेली. जालिंदरनं पुन्हा कॅसेट फिरवली, सुई सोडली, आणि सगळे रिसीव्हरकडे वाकले. घड्याळात अडीच.

आवाज भरून आला. खरखर होती, पण ती आता अंगणात पाचोळा उडावा तशी बाजूला होती आणि मधोमध सरूबाई उभी होती. तिच्या आवाजाला छाती होती. आणि त्या आवाजाच्या खाली काहीतरी होतं. ठक्. ठक्. ठक्. हातोड्या. तिची एकटीची नाही, वीस-पंचवीस बायांच्या हातोड्या, तालात. मी दहा वर्षं ही रेकॉर्ड वाजवली आणि मला त्या कधी ऐकूच आल्या नव्हत्या. ती श्वास घेत होती तेही ऐकू येत होतं. तिसऱ्या ओवीत सूर कापरा झाला, झिजला, आता जातो की काय असं वाटलं, आणि तळातून बारीक पण सरळ निघालं: *जालिंदर.*

त्यानंतर, रेघ म्हणायच्या आधी, एक अगदी लहान आवाज. काहीतरी गिळल्यासारखा.

सरूबाईनं स्वतःच्या गळ्यावर हात ठेवला. "हितं मी आवंढा गिळलाता," ती फुसफुसली. "मला ध्यानात हाय."

जालिंदरनं कॅसेट बंद केली, खिशात घातली आणि वरून हात दाबून धरला. निघायच्या आधी सरूबाई माझ्याकडे आली. मला वाटलं, आता ती मला काय ते बोलेल. तिनं माझ्या दांड्याच्या टोकाला चाचपलं आणि नखानं तो ढब्बू पैसा उचकटून काढला.

"एवढं वझं कावून ठिवलं रं ह्याच्या डोक्यावर?" तिनं आश्रुबाला विचारलं. तिनं स्वतः जन्मभर डोक्यावर पाट्या वाहिल्या होत्या. ती मला रागावली नाही.

मी हलका झालो. अडीच ग्रॅम नाही, पण जन्मात पहिल्यांदा, हलका.

पुढच्या खंडेनवमीला जगदेवीनं कुंकू लावलं. रिसीव्हरच्या माथ्याला लावलं, पाठीला नाही. एक बोट त्या नव्याला, तो आता जालिंदरनं सोसायटीलाच दिला होता. एक बोट मला. मला वाटतं त्याचं बोट जरा ठसठशीत होतं. हो, मित्रांनो, मी अजून बघतो. हेवा काही पुसला गेला नाही. फक्त आता मला माझं भोक कोणतं ते माहीत आहे आणि त्याचं कोणतं तेही. आष्टीच्या बाईचं ते गाणं, जे कधीच वाजलं नव्हतं, ते आश्रुबा कधी कधी त्याच्यावर लावतो. मी ऐकतो. चांगलं गाते ती.

तुमच्या घरात माझ्यासारखं कोणी जुनं असेल तर त्याची सुई वेळेवर बदला. त्याच्या डोक्यावर पैसे ठेवू नका, त्याला ते बक्षीस वाटतं. वायर खुपसायच्या आधी भोकाखालची अक्षरं पुसून वाचा, आणि वाचता येत नसली तर ज्याला येतात त्याला विचारा. विचारल्यानं कोणाचा पडदा फाटत नाही.

त्या आवंढ्याचं सांगायचं राहिलं. तिहत्तरच्या उन्हाळ्यात सरूबाईचं गाणं टिपलं, त्या दुपारी कामावर पिण्याच्या पाण्याचं टिपाड आलं नव्हतं.